होडीचा फोन

मंदे, गुरुवारची फोनवर आली होती. दोनदा. पहिल्या वेळी मी शेण खाल्लं. दुसऱ्या वेळी काय झालं ते सांगायलाच बसलेय, पण ते शेवटी. आधी मला तुझ्याशी थोडं भांडायचंय. तुला आता कुठे जायची घाई आहे?

वार मी बदललाय हं, तिकडून डोळे वटारू नकोस. फोन करणाऱ्याची एक खूणही बाहेर जाता कामा नये, हे तूच माझ्या डोक्यात ठोकून बसवलंस. ती कोण, कुठली, काय वयाची, यातलं मला काही माहीत नाही. माहीत असतं तरी लिहिलं नसतं. ती फक्त तुझ्याशीच बोलायची आणि तुझं नाव माहीत नव्हतं म्हणून विचारायची, "त्या 'गो' म्हणणाऱ्या बाई आहेत का?" एवढं लिहिते, कारण एवढं लिहिल्याशिवाय पुढचं सांगताच येत नाही.

सोमवारी सकाळी तू गेलीस. कुकर शिट्ट्या मारत राहिला आणि भावोजींना वाटलं तू गॅलरीत कपडे वाळत घालतेयस. डॉक्टर म्हणाले, हार्ट. तुझ्या मजल्यावरची ती जाडा चष्मावाली मला कोपऱ्यात ओढून म्हणते, "नक्की हार्टच ना हो? नाही म्हणजे, त्या तसल्या लोकांशी बोलायच्या ना सारख्या." मी म्हटलं, "हार्टच. तुमच्याकडे आहे का?" तू असतीस तर आधी मला चिमटा काढला असतास आणि मग जिन्यात जाऊन तोंडावर पदर धरून हसली असतीस. मी जिन्यात गेले. एकटीच उभी राहून परत आले.

दहिसरच्या स्मशानात बायकांनी यायचं नाही म्हणे. मी गेले. कुणाची टाप होती मला अडवायची? मोजकी माणसं होती. तुझे दोन पुतणे, भावोजींच्या कंपनीतले तीन-चार, आपले कर्णिक, चाळीतले काही. निघताना चपला घालता घालता भावोजी मला म्हणाले, "वहिनी, तिच्या फोनवाल्यांना कुणी कळवलं का?"

काय सांगू मी त्यांना? इतकी वर्षं तू ज्यांचं ऐकलंस, त्यातलं एकही माणूस तुझ्या मातीला नव्हतं. त्यांना तुझं नाव माहीत नाही, तुला त्यांचं. ती माणसं कांदिवलीत असतील, मुलुंडला असतील, कदाचित त्याच रस्त्यावरून त्या क्षणी भाजी घेऊन जात असतील. कळवायचं कुणाला आणि कसं? मी "बघते" म्हणाले.

आपली ती बोरिवलीची खोली. खाली दवाखाना, वर आपण. एक टेबल, एक काळा फोन, दोन खुर्च्या, त्यातली एक डुगडुगणारी. जीव नकोसा झालेल्या माणसाने फोन करायचा आणि आपण ऐकायचं, एवढाच धंदा. पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "पोलिसात तर देणार नाही ना?" मरायचा प्रयत्न करणं म्हणजे गुन्हा, मग बिचारं माणूस दुसरं काय विचारणार? मी तिथे आले ती कर्णिकांमुळे. ते रेल्वेतून रिटायर झालेले, खोलीचे सेक्रेटरी, वॉर्ड ऑफिसात माझ्या टेबलावर खोलीच्या पाणीपट्टीचं काहीतरी घेऊन आले होते. मी त्यांना इतकं झापलं की ते म्हणाले, "बाई, तुमचा आवाज चांगला आहे, आमच्याकडे याल का?" आणि आल्यावर पहिल्याच फोनवर मी समोरच्या माणसाला अर्धा तास उपदेश केला. बायकोचा विचार करा, पोरांचा विचार करा, अमुक करा, तमुक करा. तू शेजारी बसून ऐकत होतीस. फोन ठेवल्यावर म्हणालीस, "विमल, तू त्या माणसाला पाणीपट्टीची नोटीस दिलीस गो."

मग तू मला हुंकार शिकवलास. हसू नकोस, शिकवलासच. आमच्या परभणीकडे म्हातारी गोष्ट सांगायची तेव्हा आम्ही पोरं "हूं, हूं" करायचो, नाहीतर ती गप्प व्हायची. ते मला माहीत होतं. पण तुझं वेगळंच. तुझा बाप देवगडकडच्या खाडीत तरीची होडी चालवायचा, माणसं या काठावरून त्या काठावर न्यायची. वल्हवता वल्हवता तो गजाली सांगायचा, होडीतली माणसं हुंकार द्यायची आणि त्या हुंकारावर त्याचं वल्हं पडायचं. हुंकार थांबला की वल्हं थांबायचं, होडी पाण्यात नुसती फिरत राहायची. "फोनवर पण तसंच," तू म्हणालीस. "वल्हं त्याच्या हातात आहे. आपण मारायचं नाही. आपण फक्त हूं म्हणायचं, म्हणजे त्याला कळतं की होडीत कुणीतरी आहे." मला ते जमायला वर्ष लागलं. अजूनही अर्धवटच जमतं.

आणि मग ते तुझं खूळ. एक फोन पुरत नव्हता. एकाशी बोलताना दुसऱ्याला एंगेज लागायचा आणि तुला त्या दुसऱ्याचा विचार करून झोप यायची नाही. दुसऱ्या फोनसाठी पैसे उभे करायचे तर कुणी म्हणालं नाटकाचा प्रयोग लावू, कुणी म्हणालं कूपनं. तू म्हणालीस, "होडी वल्हवू." गोराईच्या खाडीतून मार्व्यापर्यंत आपण वल्हवत जायचं आणि लोकांनी मैलामागे देणगी द्यायची. सगळे तुझ्याकडे बघतच राहिले. आमच्या सोसायटीचा चेअरमन तर मला म्हणाला, "जीव द्यायला निघालेल्यांना वाचवायला तुम्ही पाण्यात जाणार? आणि बुडालात म्हणजे?" मी म्हटलं, "मग तुम्हीच फोन करा आमच्या खोलीवर." पण देणगी काढली हं त्याच्याकडून. सोडते की काय!

खरं सांगते, माझी फाटली होती. पाणीपट्टी खात्यात नोकरी आणि पाण्याची भीती, असा माझा संसार. आमच्याकडे पाणी म्हणजे विहिरीत वाकून बघायची गोष्ट. त्यात लोक बसतात, हे मला मुंबईत आल्यावर कळलं. तू मला रविवारी रविवारी खाडीवर नेऊन वल्हं धरायला शिकवलंस. पदर खोचून, कोपरापर्यंत बांगड्या चढवून, तोंडात बडीशेप. आईला मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "जयभीम म्हण आणि बस, पण मधोमध बस."

त्या दिवशीची फजिती आठवतेय? भरतीच्या पाण्यावर निघायचं, पाणी उतरायला लागलं की ते आपल्याला आपोआप मार्व्याकडे घेऊन जाणार, असा तुझा हिशोब. झकास हिशोब. पण उद्घाटनाला पाहुणा बोलावलेला! कर्णिकांनी छातीठोक सांगितलं, नगरसेवक येतीलच. आपण सहा जणं जेट्टीवर टोप्या घालून उभी. बॅनर रंगवणाऱ्याने "आत्महत्या" हा शब्द लिहायला नकार दिला होता, अशुभ म्हणून, आणि त्या जागी "हार्दिक शुभेच्छा" लिहून वर श्री काढला होता. पाणी हळूहळू खाली चाललेलं. तू जेट्टीच्या खांबाकडे बघायचीस आणि माझ्याकडे बघायचीस. शेवटी म्हणालीस, "कर्णिक, पाणी काय नगरसेवकाच्या पार्टीचं नाय." पण पाहुण्याशिवाय निघायचं कसं? नारळ कुणी फोडायचा? आपलीच माणसं ती, होडी बुडाली तरी चालेल पण पाहुण्याचा अपमान होता कामा नये. अखेर ते आले, नारळ फोडला आणि "नौकानयन स्पर्धेत भाग घेणाऱ्या सर्व स्पर्धकांना" शुभेच्छा दिल्या. कसली स्पर्धा आणि कुणाशी? तू इतक्या जोरात हसलीस की त्यांनी दोन वाक्यं वाढवली.

वल्हवणाऱ्याचं तोंड मागे असतं. म्हणून त्या सगळ्या प्रवासात मला खाडी अशी दिसलीच नाही, तू दिसलीस. मागे उभी, सुकाणूचं वल्हं बगलेत, कपाळावर आडवा हात, आणि तोंडाने कसलीतरी गजाल चालू. आम्ही हूं म्हणायचं आणि वल्हं मारायचं. अर्धा तास काय मस्त चाललं होतं. मग तू म्हणालीस, पाणी कमी झालंय, या फाट्याने गेलो तर लवकर पोचू, माका ठावक आसा. कर्णिक म्हणाले, "मंदाताई, नक्की ना?" तू म्हणालीस, "मी खाडीत जन्मले." असशील बाई, पण त्या खाडीत नव्हतीस. तिवरांच्या मधोमध होडीने खालून एक आवाज केला आणि बसली चिखलात. गच्च. बाजूला नुसता काळा चिखल आणि त्यात उड्या मारणाऱ्या निवट्या मासोळ्या.

एकजण उतरून ढकलायला निघाला. त्याचा पाय बाहेर जातोय तोवर तू ओरडलीस, "खंय जातलंस? बस खाली!" तो चिखल माणूस गिळतो म्हणालीस. मग मऊ आवाजात, "पाणी खंय जातला? परत येतला. बसान रवा." मी म्हटलं, "मंदे, भरती-ओहोटीवरून आयुष्याबद्दल एक शब्द जरी बोललीस ना, तर हे वल्हं घालीन डोक्यात." तू म्हणालीस, "मी कुठे काय बोलले? मला भूक लागलीय." डबा उघडलास. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. कर्णिक शाकाहारी, ते बिचारे नुसती भाकरी खात दुसरीकडे तोंड करून बसले.

तिथे, त्या चिखलात, बाकीचे उन्हाने पेंगायला लागल्यावर तू मला बबनचं सांगितलंस. इतकी वर्षं शेजारी बसून फोन घेतले आपण, कधी बोलली नव्हतीस.

तुझा मोठा भाऊ बबन. तू लहान, तो एकोणीस-वीसचा. त्याने जीव दिला. का, ते कुणाला कळलं नाही. आणि तुला घरच्यांनी सांगितलं, बबन बोटीवर लागला, मोठ्या बोटीवर, लांबच्या देशात गेला. कोकणातली पोरं जातातच बोटीवर, तुला खरं वाटलं. तू पत्राची वाट बघायला लागलीस. आणि टपालवाला यायचा तो तुझ्याच बापाच्या होडीतून. रोज तू काठावर पळत जायचीस, रोज विचारायचीस, बबनचा पत्र इला? आणि रोज बाप होडी बांधता बांधता म्हणायचा, "उद्या येतला." अख्ख्या गावाला माहीत होतं. टपालवाल्याला माहीत होतं. तो मान खाली घालून पिशवी उचलायचा. दोन पावसाळे गेले असे.

मग एकदा तुम्ही दोघंच होडीत होतात, तू आणि बाप. तो गजाल सांगता सांगता थांबला, त्याने वल्ही आत घेतली आणि खाडीच्या मधोमध तुला खरं सांगितलं. सांगून झाल्यावर त्याचे हात उचलेनात. होडी फिरायला लागली. तू म्हणालीस मला, "माका रडू पण येय ना गो. मी नुसतं म्हटलं, हूं. मग तो बोलला. मग मी परत हूं म्हटलं. तेव्हा त्याने वल्हं उचललं."

मी काय बोलावं तेव्हा? गप्प बसावं ना! पण नाही. मी म्हटलं, "त्यांचं काय चुकलं? एवढ्याशा पोरीला काय सांगणार होते? दोन वर्षं तरी तुझ्यापुरता तो जिवंत होता ना?" तू माझ्याकडे असं बघितलंस की मला वाटलं आता चिखलात ढकलते. म्हणालीस, "विमल, सगळं गाव रडून मोकळं झालं होतं. मला कळलं तेव्हा माझ्याबरोबर रडायला कुणी उरलंच नाही. मी एकटीच मागे राहिले."

मी ऐकलं, पण मानलं नाही. माझा स्वभाव तुला माहीत आहे. मी म्हणत राहिले, लहान पोराला, दुखावलेल्या माणसाला थोडं खोटं सांगितलं तर काय बिघडतं? तू म्हणत राहिलीस, वाट बघायला लावू नये कुणाला. ऊन कलायला लागलं. आपण भांडतच होतो. कर्णिक म्हणाले, "अहो, होडी हलली." पाणी आलं होतं. कधी आलं ते कळलंच नाही.

मार्व्याला पोचलो तेव्हा वाट बघून सगळे घरी गेले होते, एक भेळवाला सोडून. आणि देणगीदार विचारायला लागले, चिखलात बसलात ते मैल धरायचे का? पण गोष्ट सगळ्या बोरिवलीत पसरली. लोक हसायचे आणि देणगी वाढवायचे. फोन आला. हिरवा. त्याला सगळे होडीचा फोन म्हणायला लागले आणि तो वाजला की तू उचलायचीस, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नव्हतीस.

ते भांडण मात्र संपलं नाही. बस स्टॉपवर, तुझ्या ओट्यापाशी भाजी चिरताना, कुठेही पुन्हा उकरून निघायचं. गेल्याच महिन्यात तू लसूण सोलता सोलता म्हणालीस, "तू मरेपर्यंत ऐकायची नाहीस." मी म्हटलं, "नाही ऐकणार." मरायची पाळी कुणाची ते दोघींपैकी एकीलाही ठाऊक नव्हतं.

तू गेल्यावरच्या पहिल्या गुरुवारी होडीचा फोन वाजला. मी उचलला. ती म्हणाली, "त्या 'गो' म्हणणाऱ्या बाई आहेत का?" मी म्हटलं, "आज आल्या नाहीत." ती म्हणाली, "बरं आहे ना त्यांना?" आणि मी म्हटलं, "हो हो." मग ती म्हणाली, "ठीक आहे. मी वाट बघते पुढच्या गुरुवारची." आणि ठेवला.

वाट बघते म्हणाली, मंदे! नेमकं तेच म्हणाली.

कर्णिकांना सांगितलं. ते म्हणाले, "विमलताई, आधीच नाजूक माणूस. एकदम सांगणं बरं नाही. गावी गेल्या म्हणून सांगा. हळूहळू विसरेल." वाईट हेतू नव्हता त्यांचा, तेही रात्री झोपलेले दिसत नव्हते. गावी गेल्या. मुंबईत तुमची कोकणची माणसं गावीच जातात, कोण शंका घेणार? आठवडाभर मी ते वाक्य घोकत होते. ऑफिसात, रेशनच्या रांगेत, आंघोळ करताना. माझंच तर मत होतं ते, इतकी वर्षं भांडून भांडून जपलेलं. आणि प्रत्येक वेळी मला काठावर उभी असलेली एक पोरगी दिसायची. खरं सांगितलं आणि तिने काही बरंवाईट केलं तर? या विचाराने जेवण जाईना. खोटं सांगितलं तर ती दर गुरुवारी विचारणार, आल्या का? आणि मी काय म्हणणार? उद्या येतला?

दुसरा गुरुवार आला. कर्णिक दुसऱ्या खुर्चीत, त्यांच्या पुढ्यात काळा फोन. हिरवा वाजला.

"त्या बाई आल्या का?"

मी म्हटलं, "तुम्ही बसलायत का कुठे? बसा आधी." ती म्हणाली, बसलेय. म्हटलं, "बाई, त्या वारल्या. हार्ट अ‍ॅटॅक आला, घरीच, सकाळी. गेल्या वेळी मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही. माझी हिंमत झाली नाही."

पलीकडे काही नाही. ठेवल्याचा आवाजही नाही. तू शिकवलंस की गप्प राहिलेल्या माणसावर शब्द टाकायचे नाहीत, म्हणून मी टाकले नाहीत. कर्णिक माझ्याकडे बघत होते, हात जोडल्यासारखे ओठांशी धरून. मी थांबले, अजून थांबले. मग म्हटलं, "मी आहे इथे. फोन ठेवणार नाही." आणि त्या वाक्याला माझाच आवाज फुटला. स्मशानात नाही रडले, भावोजींपुढे नाही रडले, आणि तिथे, ड्युटीवर, होडीच्या फोनवर! ऐकायला बसलेली बाई मी. म्हटलं, "माफ करा हो. माझी मैत्रीण होती ती. आम्ही एकदा खाडीत चिखलात अडकलो होतो..." आणि माझ्या तोंडून पुढचा शब्द निघेना.

तेव्हा पलीकडून आवाज आला. बारीक.

"हूं."

तुझाच तो, मंदे. तूच दिलेला असणार तिला, इतक्या गुरुवारी. मी सांगायला लागले. नारळ सांगितला, निवट्या सांगितल्या, तुझी सुकटीची चटणी सांगितली. ती हूं म्हणत राहिली. मग ती बोलली. ते मी लिहिणार नाही. पुढच्या गुरुवारी फोन करते म्हणाली आणि माझं नाव न विचारताच म्हणाली, "मग मी त्या चिखलवाल्या बाईंना मागेन."

तू जिंकलीस. घे. पण हे ऐकायला थांबली असतीस तर काय बिघडलं असतं गं? एवढी काय घाई होती?

खोलीवरून निघाले ती सरळ तुझ्याकडे गेले. भावोजी गॅलरीत बसले होते. म्हटलं, "तुम्ही विचारलं होतंत ना? कळवलं. एकीला कळवलं." त्यांनी मला खुर्ची पुढे केली. मग म्हणाले, "रडली का?"

म्हटलं, "हो. दोघी बरोबरच रडलो."